बंदूक म्हणावी तर रंग, खेळणं म्हणावं तर गॅस

2025च्या दिवाळीत अमेरिकेला जाणाऱ्या फराळावर वर्तमानपत्रांनी जेवढी शाई ओतली, तेवढं तेल चकल्यांनाही लागलं नसेल. 25 ऑगस्टला टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली, 29 तारखेला तिकडची आठशे डॉलरपर्यंतची शुल्कमाफी गेली, ऐन दिवाळीच्या तोंडावर 15 ऑक्टोबरला खिडकी पुन्हा उघडली. हे सगळं वाचकांना पाठ आहे. मला चकलीवर काही लिहायचं नाही. माझ्यापुढे आलेला खोका उलट दिशेचा होता, न्यू जर्सीहून निघून तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूला जायचा होता, आणि त्यात फराळ नव्हता.

ओरत्तनाडूचा हा मित्र पुण्यात माझ्या वर्गात होता. घरी मराठी, पण तंजावरची. पहिलं वर्षभर तो मराठीत काही बोलला की होस्टेलवर आम्ही ‘काय म्हणालास?’ असं इंग्रजीत विचारायचो, त्याचा त्याला अजून राग आहे. आता तो गावी नारळाची बाग बघतो. त्याचा पुतण्या अमेरिकेत दर शनिवारी पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ, खेळतो. क्लबमधला जुना माल स्वस्तात निघतोय, तो इकडे पाठवावा, बागेच्या एका कोपऱ्यात मुलांसाठी मैदान करावं, अशी काका-पुतण्याची योजना. यादी व्हॉट्सॲपवर आली: दोन मार्कर, दोन मुखवटे, गोळ्या ओतायची दोन भांडी, 48 घनइंची दोन हवेच्या बाटल्या आणि दोन हजार गोळ्यांचं एक खोकं.

“अरे, खेळणीच आहेत ना ही? मग खेळणी म्हणून पाठव म्हणून सांगतो त्याला,” मित्र म्हणाला.

“सांगू नकोस,” मी म्हणालो, आणि पुढचे पंधरा दिवस या ‘ना’च्या मागे घालवले.

आधी त्या ‘मार्कर’ शब्दाचं. पेंटबॉलवाले ‘गन’ म्हणायचं टाळतात. हा निव्वळ सोवळेपणा असेल असं मला वाटलं होतं, पण वस्तूचा जन्मच खुणा करण्यासाठी झालेला आहे. जंगलखात्याच्या माणसाला दूरच्या झाडावर खूण करता यावी, गुराख्याला कळपातली एखादी गाय हेरून ठेवता यावी, म्हणून अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीने हे हत्यार विकायला काढलं. डेझी या छऱ्याच्या बंदुका करणाऱ्या कंपनीतल्या जेम्स हेल यांनी ते घडवलं, 1972 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला, आणि बाजारात त्याला जेम्स बाँडच्या थाटाचं ‘नेल-स्पॉट 007’ असं नाव मिळालं. गायींवर रंग मारता मारता माणसांवर मारायची कल्पना यायला जवळजवळ दहा वर्षं लागली. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावच्या रानात बारा जण पहिला खेळ खेळले. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा एक जंगलवाला, आणि त्याने म्हणे एकही गोळी झाडली नाही. झाडांआडून गुपचूप निशाणं गोळा केली आणि बाहेर आला.

ओरत्तनाडूत 2012पासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे गुरांवर खूण करायचं यंत्र म्हणून ही वस्तू त्या गावात अगदीच परकी ठरू नये. मी हे गमतीने म्हणत नाही. आपला 1959चा शस्त्र कायदा ‘शस्त्र’ या शब्दातून दोन गोष्टी वगळतो. एक, केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू, म्हणजे लाठी, साधी हातातली काठी. दुसरी, खेळण्याखेरीज ज्यांचा दुसरा काही उपयोगच होऊ शकत नाही आणि ज्यांचं खऱ्या हत्यारात रूपांतरही करता येत नाही अशी हत्यारं. हे दोन दरवाजे सोडले तर आत येणारं शस्त्र हे शस्त्रच. ते जहाजाने आणा, विमानाने आणा, नाही तर बैलगाडीने सरहद्द ओलांडून आणा, कलम 10प्रमाणे परवाना हवा. शिवाय बंदुकीच्या व्याख्येत नुसती दारू नाही. स्फोटकाच्या ‘किंवा इतर प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर काहीही फेकणारं हत्यार त्यात बसतं. दाबलेली हवा ही ऊर्जाच.

पहिल्या दरवाज्यातून 1972चं नेल-स्पॉट कदाचित वाद घालत आत शिरलं असतं. पुतण्याचं मार्कर काही गायींसाठी केलेलं नाही. राहिला खेळण्यांचा दरवाजा, आणि तो आतून बंद आहे. खेळण्यांची मानकं लिहिणाऱ्यांनी दाबलेल्या हवेच्या बंदुका केव्हाच घराबाहेर काढल्यात. युरोपच्या 2009च्या खेळणी-निर्देशात तर साफ लिहिलंय की दाबलेल्या गॅसवर चालणारी बंदूक खेळणं नव्हे, पाण्याची पिचकारी तेवढी खेळणं. रंगपंचमीच्या देशात ही ओळ वाचून मला फार बरं वाटलं. कस्टम्सच्या दरपत्रकात हवेच्या बंदुका 93व्या अध्यायात, शस्त्रं आणि दारूगोळ्याच्या पंगतीत बसतात. खेळणी आणि खेळाचं साहित्य 95व्यात. मधला 94वा अध्याय फर्निचरचा. ‘खेळणी म्हणून पाठव’ म्हणजे मधला अख्खा सोफासेट ओलांडून उडी मारायची. ती पकडली गेली तर 1962च्या कस्टम्स कायद्याचं कलम 111 लागतं आणि माल जप्त होतो. वर कलम 112चा दंड.

जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आठवा. तिची नळी 0.177 इंचाची, म्हणजे साडेचार मिलिमीटर. आपल्या 2016च्या शस्त्र नियमांत हवेच्या बंदुकांसाठी हेच माप आहे, आणि त्याच्या जोडीला दुसरं माप 20 जूल जोराचं. आता पेंटबॉल. गोळी 0.68 इंचाची, साधारण तीन ग्रॅमची, आणि मैदानावर तिचा वेग सेकंदाला 300 फुटांच्या वर जाऊ देत नाहीत. गुणाकार केला तर जोर साडेबारा जूलच्या आसपास येतो. म्हणजे हवेच्या बंदुकीची फूटपट्टी लावली तर जोराच्या पेपरात आरामात पास आणि नळीच्या पेपरात सपशेल नापास. नळीचं माप ठरवताना शिशाचा छर्रा डोळ्यांपुढे होता, रंगाने भरलेला बुडबुडा नव्हे, हे उघड आहे. पण चेन्नईच्या गोदामात टेबलापलीकडे बसलेला अधिकारी कॅलिपर लावणार, तत्त्वज्ञान नाही. त्यातून हल्लीची काही मार्कर थेट लष्करी रायफलीसारखी दिसतात. त्या बनवणाऱ्यांना काय हौस असते देव जाणे. एक्स-रेच्या पडद्यावर तशी आकृती उमटली की पुढचा सगळा संवाद चुकीच्या सुरातच सुरू होतो.

आपल्याकडेच असं आहे असंही नाही. जर्मनीत साडेसात जूलपर्यंतच्या मार्करवर पंचकोनात ‘एफ’ असा शिक्का असतो, तेवढा असला की अठरा वर्षांवरच्या कोणालाही ते घेता येतं. ऑस्ट्रेलियात तेच मार्कर बंदूक म्हणून गणलं जातं, आणायचं तर पोलिसांची संमती लागते. वस्तू तीच. सरहद्द ओलांडली की गोत्र बदलतं.

मित्राला वाटत होतं की सगळा घोळ नळीचा आहे. बाटल्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं, आणि माझ्या मते खरा खोडा तिथेच आहे. भरलेली हवेची बाटली विमान कंपनीच्या लेखी ‘धोकादायक माल’: हवा असेल तर यूएन 1002, कार्बन डायऑक्साइड असेल तर यूएन 1013, हिरव्या चौकटीचं लेबल, प्रशिक्षित माणसाने केलेलं पॅकिंग. टपालाने तर ती जातच नाही. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशालाही ती न्यायची तर वरचा व्हॉल्व्ह फिरवून काढून, बाटली आतून रिकामी दिसेल अशी उघडी ठेवावी लागते. आणि इकडे उतरल्यावर गाठ पडते नागपूरशी. पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं, मुख्यालय नागपुरात आहे आणि गॅस सिलिंडरचे नियम तेच बघतात. ओरत्तनाडूच्या नारळीच्या बागेतला खेळ नागपूरच्या फायलीत कसा जातो, तर असा. नियमाच्या भाषेत सिलिंडर म्हणजे 500 मिलिलिटरच्या वरचं भांडं. पुतण्याची 48 घनइंची बाटली भरते 787 मिलिलिटर. तिचा 13 घनइंची धाकटा भाऊ 213चा, तो या व्याख्येतून सुटतो. पण नागपुरातून सुटला तरी भरलेला असेल तर विमानातून सुटत नाही.

“आणि भरणार कुठे रे?” मी विचारलं. त्यात तीन हजार पीएसआयची हवा लागते. गावातला पंक्चरवाला त्याच्या शंभराव्या हिश्शाला टायर भरतो. मित्राने थोडा विचार करून पुदुच्चेरीच्या स्कूबावाल्यांचं नाव काढलं. मुलांच्या एका शनिवारसाठी एवढा प्रवास!

गोळ्यांबद्दल मात्र मला स्वतःलाच लिहायची हौस आहे. कारण पेंटबॉलची गोळी म्हणजे आपण सर्दीत गिळतो ती मऊ कॅप्सूल. सुरुवातीच्या गोळ्या आर. पी. शेरर या औषधी कॅप्सूल करणाऱ्या कंपनीनेच केल्या. वर जिलेटिन, आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि रंगद्रव्य. हेच ग्लायकॉल डॉक्टर बद्धकोष्ठाला देतात. तेलाचा रंग त्यात नाही, कपडे धुतले की जातो. जिलेटिन हवेतलं पाणी ओढून घेतं. गोळी फुगते, एका बाजूने चपटी होते आणि नळीतच फुटते. थंडीत तीच गोळी काचेसारखी ठिसूळ होते. न्यू जर्सीच्या नोव्हेंबरातून निघून ईशान्य मोसमी पावसात भिजणाऱ्या तंजावरात उतरलेल्या गोळ्यांचं काय होईल, याला कस्टम्सचा अधिकारी लागत नाही. सहा किलोंचा चिकट लाडू होईल. आणखी एक गोष्ट पशुवैद्यांना माहीत असते, मैदानवाल्यांना नसते: कुत्र्याने या गोड गोळ्या मूठभर खाल्ल्या तर त्या आतड्यात पाणी ओढतात, रक्तातलं मीठ वाढतं आणि जनावर झटक्यांवर जातं. मित्राच्या बागेत दोन कुत्री आहेत. हे ऐकून त्याने गोळ्या यादीतून स्वतःहून खोडल्या. शस्त्र कायद्याने तो एवढा हलला नव्हता.

परदेशी मालावरून आठवलं, मागे एकदा त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने मला मुक्तांबाळ छत्र, म्हणजे धर्मशाळा, दाखवलं होतं. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं. वाटसरूंना जेवण, पोरांना शाळा. दगडी जोत्यावर रथ ओढणारे हत्ती-घोडे कोरलेत. पाय दुमडलेला तो घोडा मला अजून दिसतो. या राजाला परदेशी मालाचं वेडच होतं. ग्रंथ, शस्त्रक्रियेची हत्यारं, यंत्रं, सगळं समुद्रावरून यायचं. 1805च्या सुमारास त्याने देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठी छापायला घेतलं त्याच्या आधी दहाएक वर्षं! गुरू श्वार्ट्झ यांच्या मृत्युशय्येचं संगमरवरी शिल्प त्याने थेट लंडनच्या फ्लॅक्समनकडून करवून आणलं, ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. आणि परदेशाची सरहद्द त्याला दूर शोधावी लागत नव्हती. त्याच किनाऱ्यावर तरंगंबाडी डेन्मार्कची होती, ती 1845पर्यंत, आणि तिच्या खालीच कारैकाल फ्रान्सचं. 1826 साली बिशप हेबर त्याला भेटून गेला. राजा लाव्हाझिए आणि लिनियस तोंडपाठ असल्यासारखा बोलतो, घोड्याची पारख अचूक करतो आणि वाघावर थंड डोक्याने नेमकी गोळी घालतो, असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्या खोक्यांवर कोणता अध्याय लागायचा याची चिंता राजाने केली नसावी. पण 1799च्या तहानंतर राज्य कंपनीच्या हातात होतं आणि राजाला काशीयात्रेला निघायचं तरी सरकारची परवानगी घ्यावी लागे. तेव्हा मोकळ्या सरहद्दीचं फार कौतुक नको. परवाना तेव्हाही होता, फक्त तो वस्तूचा नव्हता, माणसाचा होता.

शेवटी यादीत दोन मुखवटे उरले. पेंटबॉलमधली एकमेव अशी वस्तू जिच्याशिवाय खेळूच नये, कारण त्या वेगाची गोळी डोळ्यावर बसली तर डोळा जातो. ना गॅस, ना नळी. पुतण्याने जपून बांधले, कुरिअरच्या फॉर्मवर प्रेमाने ‘गिफ्ट’ लिहिलं, आणि खोका अडकला.

डिसेंबर 2019पासून भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने आलेल्या मालाला शुल्कमाफी नाही. अपवाद दोनच: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीबरोबरची भेटवस्तू मात्र नाही, हेही त्या अधिसूचनेत आवर्जून लिहिलंय. म्हणजे कोणी तरी दिल्लीत बसून, बहीण राखीच्या पाकिटात आणखी काय काय घालेल याचा विचार केला होता. मित्राकडे आधार कार्ड मागितलं गेलं, मग किमतीचा पुरावा, मग पुतण्याने ते मुखवटे वापरलेले आहेत असं कळवल्यावर वापरलेल्या वस्तूची किंमत कशी धरली याचा खुलासा. सगळं शुल्क भरून ते तीन आठवड्यांनी ओरत्तनाडूला पोचले.

परवा मित्राकडून फोटो आला. त्याचे वडील, ऐंशीच्या घरातले, धोतर वर खोचून झावळ्यांमधलं गवत यंत्राने कापतायत. तोंडावर न्यू जर्सीचा तो काळा मुखवटा. खाली मित्राने लिहिलं होतं: खडे उडतात ना, अप्पा आता काढायलाच तयार नाहीत.