‘नव्हता’ ऐकू यावं म्हणून

मराठी वाक्याचा जीव शेपटात असतो. ‘त्या रात्री दादा वाड्यावर गेला नव्हता’ हे वाक्य वाचताना आवाज ‘त्या रात्री’वर चांगला वर असतो, ‘वाड्यावर’पाशी उतरणीला लागतो आणि ‘नव्हता’पर्यंत येईतो छातीतली हवा संपलेली असते. कागदावर त्यानं काही बिघडत नाही. पण तेच वाक्य रिक्षात, एकाच कानात इअरफोन घालून ऐकलं की शेवटचा शब्द इंजिनाच्या घरघरीत बुडतो आणि दादा वाड्यावर जाऊन येतो. गोष्ट रहस्यकथा असेल तर खूनही त्याच्याच नावावर लागतो.

गेली काही वर्षं मी घरी बसून बोलक्या पुस्तकांचं संकलन करतो. म्हणजे कुणीतरी वाचतं आणि मी ते ऐकण्यासारखं करतो. या कामात माझा अर्धा दिवस ज्या अवजाराबरोबर जातो, त्याचं नाव कॉम्प्रेसर. फ्रिजच्या मागे धडधडतो तो नव्हे. फाइलचा आकार लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनशीही याचं नातं नाही. सारखेपणा फक्त नावात. हा कॉम्प्रेसर आवाजातला लहान-मोठेपणा आवरतो. एके काळी ती लोखंडी पेटी होती. आता तो बहुतेकांकडे प्लगिन म्हणून असतो, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पोटभाडेकरूसारखा राहणारा छोटा प्रोग्रॅम.

यंत्र येण्याआधी हे काम माणसं करत, आणि अजूनही करतात. तारसप्तकाकडे निघालेला गवई माइकपासून मान मागे घेतो, खर्जात उतरला की पुन्हा जवळ येतो. मुरलेला कीर्तनकार नामाचा गजर करताना एक पाऊल मागे सरकतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. स्पीकर दोनदा फुटल्यासारखा वाजला की शरीर आपोआप शिकतं. ज्याला मान मागे घेता येत नाही, त्याच्यासाठी मिक्सरवर बसलेला माणूस फेडरवर बोट ठेवून असतो. वक्ता चढला की बोट खाली, उतरला की वर. अडचण एकच. बोट हलतं ते आवाज ऐकल्यानंतर, आणि तोवर जे फुटायचं ते फुटून गेलेलं असतं.

रेडिओवाल्यांना हे परवडण्यासारखं नव्हतं. मीडियम वेव्हवर ध्वनीची पातळी मर्यादेबाहेर गेली की प्रक्षेपणाची लहर कापली जाते, आवाज फाटतो आणि त्याचे शिंतोडे शेजारच्या स्टेशनावर उडतात. म्हणून १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांत व्हॉल्व्हचे लिमिटर, म्हणजे आवाजाला मर्यादेपलीकडे जाऊ न देणारे कडक कॉम्प्रेसर, बसू लागले. गाणं सुंदर करावं हा हेतू त्यात नव्हता. ट्रान्समीटर शिस्तीत राहावा, एवढ्यासाठी ती पेटी आली. गाणं सुंदर होतं हे नंतर लक्षात आलं.

आता त्याचं काम जवळून पाहू. परवा एका निवृत्त शिक्षिकेचं वाचन माझ्याकडे आलं. मी त्यांना बाईच म्हणतो. बाईंनी वर्गात चाळीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे ‘अरे!’ हा शब्द त्या मागच्या बाकापर्यंत पोचवतात. माझ्या पडद्यावर त्यांचा ‘अरे!’ उणे ४ डेसिबलला जाऊन टेकला होता आणि त्याच परिच्छेदातला ‘नव्हता’ उणे ३०वर लोळत होता. डिजिटल ध्वनीत शून्य हे छत. सगळे आकडे छतापासून खाली मोजायचे. दोघांतलं अंतर २६ डेसिबल. सगळाच आवाज वाढवावा तर ‘अरे!’ छताला आपटून फुटणार. म्हणजे ‘नव्हता’ वर आणायचा असेल तर आधी ‘अरे!’ खाली बसवायला हवा.

कॉम्प्रेसर तेवढंच करतो. त्याला एक उंबरठा सांगायचा, समजा उणे २२. आवाज त्याच्या खाली असेल तर तो हात लावत नाही. वर गेला तर जितका वर गेला त्याचा हिशेब करतो. प्रमाण तीनास एक ठेवलं, तर उंबरठ्यावर चढलेल्या दर तीन डेसिबलमागे एकच पुढे जातो. ‘अरे!’ १८ डेसिबल वर होता, त्याचे ६ उरले. तो उणे १६वर आला. ‘नव्हता’ जागचा हलला नाही. अंतर २६वरून १४. आता सगळाच आवाज १० डेसिबलनं उचलला तरी ‘अरे!’ उणे ६वर राहतो आणि ‘नव्हता’ उणे २०वर येतो. रिक्षातही ऐकू यावा इतपत. आवाज मोठा करणारं यंत्र म्हणून ज्याची ख्याती, ते प्रत्यक्षात फक्त दाबतं. उचलण्याचं काम शेवटी साधं व्हॉल्यूमचं बटण करतं.

इथवरचं गणित पाचवीतल्या पोराला जमेल. खरी गोम वेळेत आहे. दोन बटणं असतात, अटॅक आणि रिलीज. उंबरठा ओलांडल्यावर किती लवकर दाबायचं हे पहिलं ठरवतं, आवाज उतरल्यावर किती वेळानं सोडायचं हे दुसरं. अटॅक फार जलद ठेवला तर ‘टाक’, ‘काढ’, ‘पड’ या शब्दांची सुरुवातीची ठोकर जाते आणि वाचणारा तोंडात कापूस धरून बोलतोय असं वाटतं. फार सावकाश ठेवला तर ‘अरे!’ अर्धा निसटून जातो. रिलीजनं मात्र माझी सपशेल फजिती केली होती. सुरुवातीच्या दिवसांत मी तो फार आखूड ठेवला, वर प्रमाण भरपूर. वाक्य संपताच कॉम्प्रेसर हात सोडायचा, लगेच सगळं वर उसळायचं आणि दोन वाक्यांमधला श्वास लोहाराच्या भात्यासारखा फसफसायचा. बाईंनी ते ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘मला दमा कधी लागला हो?’’ त्या दिवसापासून मी आधी वेळ लावतो, मग प्रमाण.

वेळेचं हे भान सगळ्यात छान ज्या पेटीत उतरलं, तिच्यावर वेळेचं एकही बटण नाही. तिचं नाव एलए-टू-ए. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या टेलिट्रॉनिक्स कंपनीच्या जिम लॉरेन्सनं ती १९६०च्या दशकात आणली. लॉरेन्स रेडिओत काम केलेला माणूस, शिवाय टायटन क्षेपणास्त्रांसाठी प्रकाश ओळखणाऱ्या साधनांवर काम केलेला. त्यानं ते प्रकाशाचं ज्ञान आवाजाला जोडलं. आत एक चपटी दिव्याची पट्टी आणि तिच्यासमोर प्रकाश पडला की विद्युतरोध कमी होणारे घटक, सगळं एका डबीत बंद. आवाज चढला की पट्टी उजळते, रोध कमी होतो आणि पातळी खाली येते. आवाज उतरला की पट्टी विझते, पण समोरचा घटक लगेच भानावर येत नाही. दाबलेल्यातलं निम्मं साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतं. उरलेलं अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत रेंगाळतं. प्रकाश जितका जास्त वेळ आणि जितका प्रखर पडला असेल, तितकं हे रेंगाळणं लांबतं. उन्हातून घरात आलेल्या माणसाच्या डोळ्यांचं जे होतं, तेच. बोलणाऱ्या आवाजाला ही चाल अशी मानवते की दाबल्याचा पत्ता लागत नाही. समोर दोन मोठी गोल बटणं, एक दाबण्याचं, एक उचलण्याचं, आणि मध्ये सुईचं मीटर. माझ्या आजोबांच्या रेडिओवर याहून जास्त बटणं होती.

पुढे टेलिट्रॉनिक्सचा व्यवसाय बिल पटनम यांच्याकडे आला. शिकागो आणि हॉलिवूडमध्ये नावाजलेले स्टुडिओ उभे करणारे पटनम स्वतः यंत्रही बनवत. त्यांची १९६७च्या सुमाराची ११७६ ही पेटी एलए-टू-एच्या अगदी उलट स्वभावाची. तिच्यात व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर, प्रमाणासाठी ४, ८, १२ आणि २० अशी चार दाबबटणं, आणि अटॅक इतका जलद की २० मायक्रोसेकंदांत हजर. त्याचं बटणही उलटं चालतं: उजवीकडे फिरवलं की जास्त जलद. नव्या माणसाचा पहिला आठवडा यातच जातो. चारही बटणं एकदम दाबायची हा तर चक्क आगाऊपणा. पण त्यातून ड्रमचा असा काही दणदणीत आवाज निघाला की ती पद्धतच पडली. मी ‘अरे!’ पकडायला ११७६च्या जातीचा कॉम्प्रेसर आधी लावतो आणि उरलेलं समजुतीनं आवरायला एलए-टू-एच्या जातीचा नंतर. एकट्यानं १२ डेसिबल ओढायला लावलं की कुठलाही कॉम्प्रेसर कण्हतो. दोघांत वाटून दिलं तर कुरकुर ऐकू येत नाही.

या दोन्ही पेट्या मी आयुष्यात हाताळलेल्या नाहीत, हे सांगून टाकतो. माझ्याकडे आहेत त्या त्यांच्या पडद्यावरच्या प्रतिमा. वरची चित्रं मजेशीर असतात: कधीही न फिरणारे स्क्रू, रंगाचे टवके, आत दिवा असल्यासारखं उजळलेलं मीटर. काहींत जुन्या यंत्राची विजेची घूंऽऽ सुद्धा घातलेली असते, ५० हर्ट्झची हवी की ६०ची ते निवडा. जी घूं काढण्यात इंजिनियरांच्या पिढ्या गेल्या, ती आता जास्तीची सोय म्हणून मिळते.

चित्र बाजूला सारलं तर आत निव्वळ हिशेब आहे. संगीताच्या सीडीच्या मापानं सेकंदाला ४४,१०० नमुने येतात. प्रत्येक नमुन्याला पातळी मोजायची, किती दाबायचं ते काढायचं, आधीच्या निर्णयाशी ते मऊपणानं जुळवायचं आणि गुणून पुढे पाठवायचं. गंमत म्हणजे ११७६चा तो २० मायक्रोसेकंदांचा अटॅक या दोन नमुन्यांमधल्या फटीहूनही आखूड आहे. त्यामुळे त्याची नक्कल करणाऱ्या प्लगिनला अनेकदा आतल्या आत नमुने काही पटींनी वाढवून काम करावं लागतं. पण संगणकाकडे एक विद्या आहे जी कुठल्याही व्हॉल्व्हकडे नव्हती: त्याला पुढचं दिसतं. तो सगळा आवाज काही मिलिसेकंद मागे धरून ठेवतो आणि ‘अरे!’ यायच्या आधीच हात खाली नेऊन बसतो. इस्रायलच्या वेव्ह्ज कंपनीनं १९९४च्या आसपास एल-वन नावाचा असा लिमिटर विकायला आणला. पुढे याच विद्येच्या जोरावर गाण्याच्या तबकड्या एकीपेक्षा एक मोठ्यानं वाजवण्याची अशी चढाओढ लागली, की शेवटी युरोपच्या प्रक्षेपकांनी २०१०मध्ये सरासरी जाणवणाऱ्या आवाजालाच माप घातलं, उणे २३. त्या चढाओढीवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला तिच्यात फारसा रस नाही. माझी लढाई पंख्याशी आहे.

कारण सगळं उचलतो तेव्हा फक्त ‘नव्हता’ उचलला जात नाही. बाईंच्या खोलीतला पंखा उणे ६२वर गुपचूप फिरत होता. १० डेसिबल उचलल्यावर तो उणे ५२वर येऊन बसला. इंग्रजी बोलक्या पुस्तकांसाठी एसीएक्स या मंचाची जी मापं आहेत, त्यांत शांततेतला गोंगाट उणे ६०च्या वर चालत नाही, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ आणि शिखर उणे ३च्या आत. ही मापं मराठीला लागू नाहीत, पण शिस्त म्हणून मी ती पाळतो. पंख्यावर उपाय म्हणून गेट नावाचं दुसरं प्लगिन मिळतं. ठरावीक पातळीखाली गेलं की दार बंद. मी एकदा ते उणे ४०वर लावलं आणि दारानं मावळत्या आवाजातला ‘ता’ चिमटून ठेवला. ‘गेला नव्ह—’ आणि मिट्ट शांतता. आता मी बाईंना पंखा बंद करायला सांगतो. दहा मिनिटं वाचन, पाच मिनिटं पंखा. मे महिन्यात याला यंत्रापेक्षा जास्त मनधरणी लागते.

माइक तोंडासमोर धरून मराठी वाचणं हेही एक वेगळंच प्रकरण. ‘भाऊ’, ‘फाटक’, ‘पाटील’ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो. तो कानाला फार जाणवत नाही, पण खालच्या पट्टीतला त्याचा धक्का कॉम्प्रेसरला ‘अरे!’इतकाच मोठा वाटतो आणि तो निष्कारण सगळं वाक्य दाबतो. रीपर या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या रीकॉम्पमध्ये यावर साधी तोड आहे: मोजणाऱ्या कानालाच खालच्या पट्ट्या ऐकू द्यायच्या नाहीत. आवाज सगळा जातो, मोजमाप फक्त वरच्या भागाचं होतं. या रीकॉम्पला ना स्क्रू आहेत ना दिवा, नुसत्या करड्या सरकपट्ट्या. पण माझं निम्मं काम तोच उरकतो.

काम झालं की हेडफोनवर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा नियम. परिच्छेद मोबाइलवर घेतो, मोबाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतो आणि आवाज निम्म्यावर करून बाहेर येतो. परवा आत कुकर चढला होता आणि आई फोडणी घालत होती. बाईंचा ‘अरे!’ झाला, मग वाडा, मग ती रात्र. मोहरी तडतडली, कढईत भाजी पडली, आणि आईनं आतून विचारलं, ‘‘दादा गेलाच नव्हता, तर मग कंदील कुणी विझवला?’’