शुगर आहे? मग रोज रात्री पाय बघा

चपलेतून खिळा आरपार गेला, तरी घरी येऊन चप्पल काढेपर्यंत कळलेच नाही. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत असे खरोखर घडते. दुखत नाही म्हणून तो दुर्लक्ष करतो. काही दिवसांत पाय सुजतो, आणि मग बोट काढायचे की पाऊल, असा प्रश्न उभा राहतो. हातावर पोट असलेल्या घरात पाय गेला म्हणजे कमाई गेली. पण हे पुष्कळदा टाळता येते.

असे का होते?
बरीच वर्षे रक्तात साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, तळपायाची आग होते; पुढे पाय बधिर होतो. काहींना तर आधी काहीच त्रास जाणवत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होऊन पायाला रक्तही कमी पोहोचते, म्हणून जखम लवकर भरत नाही आणि तिच्यात पू होतो. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. तोच झोपला, तर पहारा डोळ्यांनी द्यावा लागतो.

रोज काय करावे?
रात्री उजेडात दोन्ही पाय पाहा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा, किंवा सून, मुलगा, नातवंडे यांना पाहायला सांगा. फोड, चीर, लाली, सूज, बोटांमधल्या चिखल्या शोधा. पाय कोमट पाण्याने धुवा. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने तपासा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. टाचांना खोबरेल लावा, बेचक्यांत नको. नखे सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका.

घरातही चप्पल घाला. मागे पट्टा असलेली, मऊ तळाची एमसीआर चप्पल चांगली. घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा आहे का बघा. विहारात चप्पल बाहेर काढावी लागते. तेव्हा तापलेल्या फरशीवर चालू नका, स्वच्छ मोजे घाला. वस्तीत उंदीर असतील तर रात्री पाय झाकून झोपा; बधिर पायाला उंदीर चावला तरी जाग येत नाही. पावसाळ्यात गटाराच्या पाण्यातून जावे लागले, तर घरी येताच पाय धुऊन कोरडे करा.

हे करू नका
कुरूप ब्लेडने कापू नका, त्यावर औषधी पट्टी चिकटवू नका. गरम पिशवीचा किंवा विटेचा शेक घेऊ नका. जखमेवर चुना, हळद, टूथपेस्ट लावू नका. बिडी, सिगारेट, तंबाखू सोडा.

दवाखान्यात कधी जावे?
जखम दिसली की स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. लाली पसरत असेल, पू किंवा वास येत असेल, कातडी काळी पडली असेल, ताप असेल, तर थांबूच नका. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण पाय वाचेल.

वर्षातून एकदा तरी सरकारी दवाखान्यात 'पायाची तपासणी करा' असे स्वतःहून सांगा. डॉक्टर बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून पायाला जाणीव आहे का ते पाहतात. त्यात दुखत नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका. साखर ताब्यात राहिली, तरच पाय राहतील.

आज रात्रीपासून सुरुवात करा. आई-वडिलांना शुगर असेल, तर त्यांचे पाय तुम्ही बघा.