एकशिक्षकी संगणक

1991 सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात, एका घरातल्या संगणकाच्या पडद्यावर काही ए, मग काही बी, पुन्हा काही ए, पुन्हा बी अशी अक्षरे उमटत होती. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसले नसते. पण ती अक्षरे ज्याने उमटवली तो लिनस टोरवाल्ड्स मात्र खूष होता. तो हेलसिंकी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकत होता. हे काम त्याला कोणी नेमून दिलेले नव्हते आणि त्याला गुणही मिळणार नव्हते.

गंमत अशी की ए लिहिणारी आज्ञावली वेगळी होती आणि बी लिहिणारी वेगळी. दोन्ही एकाच वेळी चालू होत्या. संगणकात प्रोसेसर मात्र एकच. मग एका प्रोसेसरने दोन कामे एकाच वेळी कशी केली?

याचे उत्तर आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने माहीत आहे. एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत बसतात. गुरुजी किंवा बाई पहिलीला अक्षरे गिरवायला देतात, दुसरीचे वाचन घेतात, तिसरीला फळ्यावर भागाकार दाखवतात. कोणत्याही एका क्षणी शिकवणे एकाच वर्गाला चाललेले असते. तरी दिवसाच्या अखेरीस चारही वर्ग पुढे सरकलेले असतात. संगणक नेमके हेच करतो, फक्त इतक्या वेगाने की आपल्याला सगळे एकदमच चालले आहे असे वाटते.

पण यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की तिसरीच्या वर्गातून दुसरीकडे वळताना भागाकार कुठवर आला होता हे शिक्षकाला लक्षात ठेवावे लागते. प्रोसेसरजवळ स्वतःचे असे मोजकेच कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. (शिक्षकांना या शब्दाची वेगळी धास्ती असते, तो अर्थ इथे नाही.) चालू कामातले आकडे आणि पुढची आज्ञा कोणती याची खूण त्या कप्प्यांत असते. काम बदलताना हे सर्व स्मृतीत उतरवून ठेवायचे आणि दुसऱ्या कामाची आधी उतरवलेली नोंद कप्प्यांत परत भरायची. थांबवलेल्या आज्ञावलीला आपण थांबलो होतो याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. एखाद्या वर्गाने शिक्षकाला सोडलेच नाही तर? त्यासाठी घंटा हवी, आणि ती कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसलेली हवी. संगणकात एक वेगळे घड्याळ ठरावीक वेळाने प्रोसेसरला खूण करते. खूण होताच हातातले काम जिथे असेल तिथे सोडून प्रोसेसर मुख्य आज्ञावलीकडे येतो आणि पाळी कोणाची ते ती ठरवते. या मुख्य आज्ञावलीलाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, निदान तिचा गाभा तरी.

आकडे घालून पाहू. लिनसच्या संगणकातला इंटेल 386 हा प्रोसेसर 33 मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला 3 कोटी 30 लाख ठोके. घंटा सेकंदाला 100 वेळा वाजत असे. दोन घंटांमध्ये 3 लाख 30 हजार ठोके मिळाले. काम बदलण्याच्या नोंदीला यातले काहीशे ठोके लागतात. हजारातला एखादा भाग वाया गेला एवढेच. घंटा फारच भराभर वाजवली तर सगळा वेळ नोंदी करण्यात जाईल. फारच सावकाश वाजवली तर कळ दाबल्यावर अक्षर उमटायला वेळ लागेल आणि माणूस वैतागेल.

हे वर्गात करून पाहता येते. एका मुलाला प्रोसेसर करा. एका कागदावर सतराचा पाढा लिहायचा, दुसऱ्यावर शंभरपासून तीन-तीन वजा करत जायचे आणि तिसऱ्यावर गावातल्या मुलांची नावे. चौथा मुलगा दर दहा सेकंदांनी घंटा वाजवील. घंटा झाली की अर्धा आकडासुद्धा पुरा करायचा नाही, वहीत खूण करून पुढचा कागद घ्यायचा. मग घंटा दर दोन सेकंदांनी वाजवायला सांगा आणि काय होते ते पाहा.

लिनसला हे सुचले कसे? त्याचे आजोबा हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या कमोडोर व्हिक-20 या छोट्या संगणकावर तो लहानपणी आज्ञावल्या लिहायला शिकला. पुढे त्याने सिंक्लेअर क्यूएल घेतला. त्यासाठी लागणारी साधने फिनलंडमध्ये सहज मिळत नव्हती, म्हणून संपादक आणि असेंब्लर या आज्ञावल्या त्याने स्वतःच लिहिल्या. आम्हाला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. विकत मिळत नाही म्हणून करून पाहावे लागले, आणि करून पाहिल्यामुळे आतले कळले.

जानेवारी 1991 मध्ये त्याने हप्त्यांवर 386 घेतला. त्याआधी त्याने अॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्रू टॅनेनबाऊम यांचे ऑपरेटिंग सिस्टीमवरचे पुस्तक वाचले होते. विद्यार्थ्यांना आतली रचना पाहता यावी म्हणून टॅनेनबाऊम यांनी मिनिक्स नावाची लहान प्रणाली लिहिली होती. ती लिनसने घेतली. विद्यापीठाच्या संगणकाशी फोनच्या तारेवरून घरून बोलता यावे यासाठी मात्र त्याला स्वतःची आज्ञावली हवी होती. तीत दोन कामे होती. एकाने कळफलकावरची अक्षरे मोडेमकडे पाठवायची, दुसऱ्याने मोडेमकडून आलेली पडद्यावर दाखवायची. ए आणि बी ही या दोन कामांची रंगीत तालीम होती.

पुढचे सगळे एकातून एक निघत गेले. विद्यापीठातून फाइली घरी आणायच्या, तर त्या डिस्कवर लिहायला हव्यात, म्हणून डिस्क चालवणारा भाग लिहिला. डिस्कवर फाइली मिनिक्सच्या पद्धतीने मांडलेल्या, म्हणून ती पद्धत समजणारा भाग लिहिला. एवढे झाल्यावर ही फोनवर बोलणारी आज्ञावली राहिली नव्हती, ऑपरेटिंग सिस्टीम होऊ लागली होती. 25 ऑगस्ट 1991 रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चागटात कळवले की आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत, ती काही फार मोठी होणार नाही. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती निघाली, सुमारे दहा हजार ओळींची. तिचे नाव त्याला फ्रीॲक्स ठेवायचे होते. ज्या मित्राने ती विद्यापीठाच्या संगणकावर इतरांसाठी ठेवली, त्याने त्या कप्प्याला लिनक्स नाव दिले.

त्याच सुमारास एक घोटाळा झाला. मोडेमला द्यायच्या आज्ञा लिनसने चुकून हार्ड डिस्कवर पाठवल्या आणि मिनिक्स असलेला भागच पुसून निघाला. मिनिक्स पुन्हा बसवता आले असते. त्याने तसे न करता आपल्याच प्रणालीत जे कमी होते ते भरायचे ठरवले.

1991 च्या डिसेंबरमध्ये एक महत्त्वाची भर पडली. जर्मनीतल्या एका वापरणाऱ्याच्या संगणकात अवघी 2 मेगाबाइट स्मृती होती आणि तेवढ्यात त्याचे काम भागत नव्हते. 386 हा प्रोसेसर स्मृतीची 4 किलोबाइटची पाने पाडू शकतो. फळा लहान असला की आपण जुना मजकूर वहीत उतरवून घ्यायला सांगतो आणि फळा पुसतो. तसेच सध्या न लागणारी पाने डिस्कवर उतरवायची आणि लागतील तेव्हा परत आणायची, अशी सोय लिनसने केली. स्वतःच्या 4 मेगाबाइटच्या संगणकावर त्याला तिची गरज नव्हती.

हे सारे एकट्याचे काम होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. गाभ्याभोवती लागणारा कंपायलर आणि आज्ञा घेणारी शेल ही साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. 1992 मध्ये लिनक्सनेही ग्नूचाच परवाना घेतला: कोणीही वापरावे, बदलावे, विकावेसुद्धा, पण बदलून इतरांना दिले तर मूळ आज्ञावलीही त्यांना खुली करावी. त्यामुळे देशोदेशीचे लोक चुका शोधू आणि दुरुस्त करू लागले. मार्च 1994 मध्ये आवृत्ती 1.0 आली तेव्हा ओळी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या.

सगळ्यांना ती रचना पसंत होती असे नाही. जानेवारी 1992 मध्ये खुद्द टॅनेनबाऊम यांनी तिच्यावर टीका केली. मिनिक्समध्ये गाभा अगदी छोटा, बाकीचे भाग वेगवेगळे, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा वाचतो. लिनक्समध्ये सगळे एकाच गाभ्यात. तू माझा विद्यार्थी असतास तर या रचनेला चांगले गुण मिळाले नसते, अशा अर्थाचे त्यांनी सुनावले. लिनसनेही तितक्याच तडफेने उत्तर दिले. तत्त्वतः टॅनेनबाऊम यांच्या म्हणण्यात तथ्य होते असे मानणारे जाणकार आजही आहेत. लिनक्स वेगवान होते, साध्या संगणकावर चालत होते आणि सर्वांना खुले होते, म्हणून ते पसरले.

आज अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा आहे, आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत सर्वच्या सर्व लिनक्सवर चालणारे आहेत. फोनच्या प्रोसेसरमध्ये आता चार-आठ गाभे असतात, पण कामे शेकड्यांनी, तेव्हा घंटा आणि नोंदवही सुटलेली नाही.

लिनसची एम.एस्सी. पदवी यात लांबली. 1988 मध्ये विद्यापीठात दाखल झालेल्या या विद्यार्थ्याने प्रबंध सादर केला तो 1997 मध्ये. विषय अर्थातच लिनक्स.