तान्ह्याचे रडणे आणि सव्वा महिन्यानंतरची आई

बारसे आटोपते, पाहुणे परततात आणि घरात उरते ते रडणारे तान्हे मूल व त्याची जागरणाने थकलेली आई. दिवेलागण झाली की मूल रडू लागते. दूध पाजले, लंगोट बदलला, पाळणा हलवला, तरी ते थांबत नाही. मग घरातील वडीलधारी मंडळी कारण शोधतात आणि ते बहुधा आईतच सापडते. "काही वातूळ खाल्लं असशीन", "तुयं दूधच पुरत नाही लेकराले", नाहीतर नजर लागली. अमरावती-अकोल्याकडे हे बोल न ऐकलेली बाळंतीण विरळाच.

वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली मातांनी ठेवलेल्या नोंदी तपासल्या. निरोगी मुलांचेही रडणे जन्मानंतर वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला जवळजवळ पावणेतीन तासांपर्यंत पोहोचते आणि मग उतरते, असे त्यांना आढळले. तीन-चार महिन्यांत बहुतेक मुले शांत होतात. रात्र आणि दिवस यांतील फरक उमजायलाही मुलाला साधारण तेवढेच दिवस लागतात. यात आईचा दोष नाही.

आता आपल्या रिवाजाकडे पाहा. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची आपली पद्धत चांगलीच आहे. पण सव्वा महिना म्हणजे जवळपास सहावा आठवडा. म्हणजे मुलाचे रडणे ऐन भरात असते, त्याच वेळी आई चुलीपाशी, पाण्यावर किंवा शेतात कामाला लागते. रात्री जागरण, दिवसा काम आणि वर टोमणे!

याचा परिणाम मनावर होतो. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव ही त्यामागची मोठी कारणे होती. मुलगी झाल्याचे दुःख हेही होते. सतत रडू येणे, मूल झोपले तरी स्वतःला झोप न लागणे, मुलाबद्दल काहीच न वाटणे, जीव नकोसा होणे, ही त्याची लक्षणे होत. "नखरे करते" म्हणून ती उडवून लावू नयेत.

आईला उसंत मिळाली नाही की काय होते, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन झोपवीत. त्या निर्दय नव्हत्या. त्यांना रजाच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज संघटित नोकरीतील स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कापूस वेचणाऱ्या रोजंदारीच्या बाईला मात्र ती नाही. तिची रजा घरच्यांनीच द्यावयाची आहे.

कशी? संध्याकाळचे दोन-तीन तास मूल बापाने घ्यावे. (मूल खांद्यावर घेतल्याने पुरुषपण कमी होत नाही!) दिवसा मूल झोपले की सुनेला भांडी न देता झोपू द्यावे. आमच्याकडच्या मे महिन्यात मुलाला दुपट्यात घट्ट गुंडाळू नये. उकाड्यानेही ते रडते. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचे दूध पुरते. उन्हाळ्यातही वरचे पाणी नको, घुटी व मधही नको. संताप अनावर झाला तर मुलाला पाळण्यात उताणे ठेवून आईने पाच-दहा मिनिटे बाहेर जावे, पण त्याला गदागदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन मूल दगावू शकते.

मात्र ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, दूध न ओढणे, मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास अंगारे-धुपारे न करता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. आईच्या मनाची तक्रार असल्यास शासकीय रुग्णालयात दाखवावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येते, आणि फोन सासूने वा नवऱ्याने केला तरी चालतो.