कड्यांचा परकर : आधी साल, मग घेर

जबलपूरच्या इतिहासावर नाटक उभे करावयाचे म्हटले, की गोंड राजघराण्याच्या वस्त्रांबरोबरच इंग्रज स्त्रियांचा पोशाखही शिवावा लागतो. त्याचा फुगीर घेर सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो ज्यावर तोललेला असतो, तो आतील कड्यांचा परकर प्रेक्षकांना दिसत नाही. म्हणूनच बहुधा सर्व काळांसाठी एकच परकर वापरला जातो आणि तेथेच चूक होते.

तीन प्रसंग, तीन घेर

१८३० च्या दशकात विल्यम स्लीमन यांनी जबलपूर येथून ठगांचा बंदोबस्त केला. त्या काळी स्त्रिया घेरासाठी खळ दिलेले अनेक परकर एकावर एक घालीत, कड्या नव्हत्या. पोलादी कड्यांच्या ‘क्रिनोलिन’चे पेटंट पॅरिसमध्ये १८५६ साली घेतले गेले. एका हलक्या पिंजऱ्याने परकरांचे ओझे उतरवले, हेच त्याच्या लोकप्रियतेचे कारण. राजा शंकरशाह आणि कुंवर रघुनाथशाह यांना जबलपुरात १८ सप्टेंबर १८५७ रोजी तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या प्रसंगात कड्यांचा परकर अगदी नवा ठरतो. विलायतेहून नुकत्याच आलेल्या स्त्रीपात्राला तो शोभेल. येथे अनेक वर्षे राहिलेल्या मडमेला जुनेच परकर द्यावेत. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आणि अलाहाबादकडून आलेले लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले, तोवर पुढील घेर सपाट होऊन फुगवटा पाठीमागे सरकला होता.

घुमटाचे गणित

१८५७ च्या पोशाखाला गोल घुमटाचा आकार हवा. कमरेपासून जमिनीपर्यंत १०० सेंमी अंतर असल्यास परकर ८० सेंमी लांबीचा ठेवावा. म्हणजे चालताना पाय अडकत नाही. मांजरपाटाचा परकर शिवून त्यावर पाच आडव्या नळ्या शिवाव्यात. पहिली कमरेखाली २० सेंमीवर आणि पुढील प्रत्येक १५ सेंमीवर असावी. कड्यांचे घेर अनुक्रमे १५०, १९५, २३०, २५५ व २७० सेंमी ठेवावेत. वाढ ४५, ३५, २५, १५ अशी उतरत जाते, म्हणूनच घुमट साधतो. ती सारखी ठेवली तर शंकू तयार होतो.

कड्यांसाठी लवचीक पोलादी पट्टी उत्तम. ती न मिळाल्यास वेत किंवा भिजवून वाकवलेल्या बांबूच्या कामट्या चालतात. टोके सुमारे सात सेंमी एकमेकांवर घेऊन कापडी फितीने घट्ट गुंडाळावीत. उघडे टोक कापड फाडते आणि पायालाही लागते. कड्यांचे वळ बाहेर उमटू नयेत म्हणून वरून एक साधा झालरीचा परकर घालावा.

सावधगिरी

या परकराचा घेर घालणाऱ्याच्या अंदाजापलीकडे पोहोचतो. ८ डिसेंबर १८६३ रोजी चिलीतील सांतियागो येथे चर्चला लागलेल्या आगीत दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्त्रियांच्या रुंद घेरांमुळे बाहेर पडणे आणखी कठीण झाले होते. म्हणून रंगमंचावर पेटती समई वा मेणबत्ती या पोशाखाजवळ ठेवू नये. दारातून जाणे, वळणे आणि मागील कड्या किंचित उचलून बसणे यांचा सराव तालमीपासूनच करावा.

सलवार-सूटच्या शिलाईसाठी जबलपूर प्रसिद्ध आहे. तेथील कुशल कारागिरांना या परकरात अवघड असे काही नाही. नाटकाचे साल मात्र त्यांना कापड बेतण्यापूर्वीच सांगावयास हवे.