पोर्शेच्या आगामी विद्युत गाड्या

पोर्शे ही जर्मनीतील श्टुटगार्ट येथील वेगवान व महागड्या स्पोर्ट्‌स कार बनवणारी कंपनी आहे. तिच्या आगामी विद्युत गाड्या कोणत्या असतील, त्या केव्हा येतील आणि पेट्रोलवरील गाड्यांची जागा पूर्णपणे घेतील काय, याविषयी २०१५ पासून सातत्याने अंदाज बांधले जात आहेत. कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केलेले धोरण २०२५ अखेरपर्यंत बरेच बदलले. त्यामुळे अनेक अंदाज खोटे ठरले, तसेच कंपनीच्या काही घोषणाही. प्रस्तुत लेखात २०२५ अखेरपर्यंतच्या घडामोडी विचारात घेतल्या आहेत.

पार्श्वभूमी

विजेवरील गाडी ही पोर्शे घराण्याला परकी नाही. संस्थापक फर्डिनांड पोर्शे (१८७५–१९५१) यांनी तरुणपणी व्हिएन्नातील लोनर या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यासाठी तयार केलेली गाडी विजेवर चालत असे. १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ती मांडण्यात आली होती. तिच्या पुढील दोन्ही चाकांच्या तुंब्यांतच मोटर बसवलेल्या होत्या, त्यामुळे मधली दंतचक्रे व साखळ्या यांची गरज उरली नव्हती. मात्र शिशाच्या बॅटरीचेच वजन चारशे किलोग्रॅमच्या वर होते. यावर उपाय म्हणून पोर्शे यांनी लगेचच पेट्रोल इंजिनाने वीज निर्माण करणारी गाडीही तयार केली. तिला ‘सेंपर व्हिवुस’ म्हणजे ‘सदैव जिवंत’ असे लॅटिन नाव होते. बॅटरीचे वजन आणि चार्जिंगची चिंता हे दोन प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही याच घराण्याच्या गाड्यांपुढे उभे आहेत.

मिशन ई ते टायकान

सप्टेंबर २०१५ मध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने ‘मिशन ई’ ही संकल्पना-गाडी दाखवली. तिचीच विक्रीयोग्य आवृत्ती ४ सप्टेंबर २०१९ रोजी ‘टायकान’ या नावाने प्रकाशात आली. तरुण, उमद्या घोड्याचा प्राण असा या नावाचा आशय कंपनीने सांगितला आहे. पोर्शेच्या बोधचिन्हाच्या मधोमध श्टुटगार्टचा घोडा आहे, त्यामुळे नाव शोभून दिसते. गाडीच्या ‘टर्बो’ या आवृत्तीवर मात्र टीका झाली. टर्बो हे इंजिनात अधिक हवा कोंबणारे यंत्र आणि विजेच्या गाडीत इंजिनच नाही. पण शब्दांचे असेच होते. मूळचा अर्थ काळेपणा असलेला ‘शाई’ हा शब्द मराठीत निळ्या-तांबड्या शाईलाही चालतोच. पोर्शेच्या व्यवहारातही ‘टर्बो’ म्हणजे ‘वरच्या श्रेणीची गाडी’ एवढाच अर्थ उरला आहे.

टायकानचे तांत्रिक वैशिष्ट्य म्हणजे ८०० व्होल्टची प्रणाली. त्या काळच्या बहुतेक विद्युत गाड्या सुमारे ४०० व्होल्टवर चालत. व्होल्ट दुप्पट केले की तेवढीच शक्ती निम्म्या विद्युतप्रवाहात वाहून नेता येते. प्रवाह कमी झाल्यामुळे तारा कमी तापतात, त्या बारीक व हलक्या ठेवता येतात आणि चार्जिंगही वेगाने होते. मागील आसाला दोन गतींची दंतचक्रपेटी देण्यात आली, तीही विद्युत गाड्यांत दुर्मीळच. २०२१ मध्ये ४१,२९६ टायकान ग्राहकांना देण्यात आल्या. त्याच वर्षी कंपनीची ओळख असलेल्या ९११ या गाडीचा आकडा ३८,४६४ होता. विजेची गाडी ९११ च्या पुढे गेल्याने कंपनीचा आणि निरीक्षकांचा उत्साह वाढला, आणि पुढील बहुतेक अंदाज याच एका वर्षाच्या भरवशावर बांधले गेले.

२०२२ चे उद्दिष्ट

मार्च २०२२ मध्ये कंपनीने २०३० साली आपल्या नव्या गाड्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक गाड्या पूर्णपणे विजेवरील असतील असे जाहीर केले. दशकाच्या मध्यापर्यंत ७१८ ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार केवळ विजेवर मिळेल, असेही सांगण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये कायेनपेक्षा मोठ्या विद्युत एसयूव्हीची घोषणा झाली. वाहनविषयक लेखनात ती ‘के१’ या सांकेतिक नावाने ओळखली जाई. जून २०२३ मध्ये, पोर्शे नावाच्या स्पोर्ट्‌स कारला ७५ वर्षे झाली त्या निमित्ताने, ‘मिशन एक्स’ ही अतिवेगवान संकल्पना-गाडी दाखवण्यात आली. एका किलोग्रॅम वजनामागे एक अश्वशक्ती हे तिचे ध्येय होते. ती प्रत्यक्ष बनवायची की नाही, याचा निर्णय कंपनीने तेव्हा राखून ठेवला.

अशा गाड्यांविषयीचे अंदाज तीन वाटांनी पसरतात: कंपनीने गुंतवणूकदारांपुढे केलेली निवेदने, सुट्या भागांच्या पुरवठादारांकडून निसटलेली माहिती आणि चाचणीच्या रस्त्यांवर टिपलेली छायाचित्रे. चाचणीतील गाडीवर काळ्यापांढऱ्या नक्षीचे आवरण चढवून तिचा खरा आकार लपवला जातो. अलीकडे कंपन्या हे आवरणच जाहिरातीसाठी वापरू लागल्या आहेत. विद्युत कायेन २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील शेल्स्ली वॉल्श येथील घाटशर्यतीच्या मार्गावर आवरणासकट धावली. लपवाछपवी कोणती आणि जाहिरात कोणती, हे वाचकालाच ओळखावे लागते.

७१८ चा प्रश्न

सर्वाधिक तर्कवितर्क ७१८ विषयी झाले. त्यामागे अभियांत्रिकीचे एक खरे कोडे आहे. सामान्य विद्युत गाडीत बॅटरी फरशीखाली आडवी पसरलेली असते. त्यामुळे आसन उंच होते. उंच गाडीत हे खपून जाते. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र चालक रस्त्याच्या अगदी जवळ बसतो आणि गाडीचे छप्परही बुटके असते. म्हणून २०२१ च्या ‘मिशन आर’ या शर्यतीच्या संकल्पना-गाडीत पोर्शेने बॅटरी चालकाच्या पाठीमागे, म्हणजे ७१८ मध्ये इंजिन असते त्याच जागी, रचून दाखवली. वजन मध्यभागी एकवटल्याने वळणावरची चपळाई टिकते. विद्युत ७१८ मध्ये हीच रचना येईल असा अंदाज त्यावरून केला गेला.

गाडी मात्र ठरल्या वेळी आली नाही. स्वीडनमधील नॉर्थव्होल्ट ही कंपनी तिच्यासाठी विद्युतघट पुरवणार असल्याची वृत्ते होती. ती कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. दरम्यान गाड्यांच्या संगणकीय सुरक्षेचे नवे नियम लागू झाल्याने २०२४ मध्येच पेट्रोलवरील ७१८ युरोपीय संघाच्या बाजारातून जवळपास बाहेर पडली होती. २०२५ मध्ये तिचे उत्पादनही थांबले. जुनी गाडी गेली आणि नवी आली नाही, अशा अवस्थेत पुढील ७१८ च्या वरच्या श्रेणीच्या आवृत्त्या पेट्रोलवरही देण्याचे कंपनीने ठरवले. केवळ विजेसाठी आखलेल्या सांगाड्यात इंधनटाकी, धूरनळी आणि इंजिन यांना मागाहून जागा करणे हे किचकट व खर्चिक काम आहे.

धोरणबदल

२०२४ मध्ये टायकानची विक्री २०,८३६ पर्यंत खाली आली. आदल्या वर्षी ती ४०,६२९ होती. चीनमधील पोर्शेची एकूण विक्री २०२१ मधील ९५,६७१ वरून २०२४ मध्ये ५६,८८७ वर घसरली. चिनी कंपन्या वेगवान व सुसज्ज विद्युत गाड्या फार कमी किमतीत देऊ लागल्या. शाओमी या मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बाजारात आणलेली एसयू७ ही गाडी दिसायला टायकानची आठवण करून देणारी होती आणि तिची सुरुवातीची किंमत २,१५,९०० युआन होती. ८० टक्क्यांचे उद्दिष्ट ग्राहकांच्या मागणीवर अवलंबून राहील, अशी पुस्ती कंपनीने २०२४ मध्येच जोडली. त्या वर्षी विकलेल्या गाड्यांपैकी १२.७ टक्के गाड्याच पूर्णपणे विजेवरील होत्या.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी मोठा बदल जाहीर झाला. कायेनपेक्षा मोठी एसयूव्ही प्रारंभी केवळ इंजिन व हायब्रीड स्वरूपात येईल आणि पुढील दशकासाठी आखलेल्या नव्या विद्युत सांगाड्याचे काम लांबणीवर पडेल, असे सांगण्यात आले. त्याआधी ऑगस्टमध्ये ‘सेलफोर्स’ या उपकंपनीमार्फत स्वतःचे विद्युतघट बनवण्याचा बेत कंपनीने सोडला होता. २०२५ च्या पहिल्या नऊ महिन्यांत कंपनीचा कार्यचालन नफा केवळ ४ कोटी युरो झाला. आदल्या वर्षी त्याच काळात तो ४०० कोटी युरोंच्या वर होता. त्सुफेनहाउझेन व वाइसाख येथील १,९०० पदे २०२९ पर्यंत कमी करण्याचे फेब्रुवारी २०२५ मध्येच जाहीर झाले होते. धोरणातील चुकीची किंमत कामगारांनाही मोजावी लागते, याची नोंद गाड्यांच्या चाहत्यांच्या चर्चेत क्वचितच आढळते.

प्रत्यक्षात आलेल्या गाड्या

विद्युत मॅकन जानेवारी २०२४ मध्ये सादर झाली. मॅकन हे इंडोनेशियन भाषेतील वाघाचे नाव आहे. तिच्यानंतर १९ नोव्हेंबर २०२५ रोजी विद्युत कायेन आली. तिच्या टर्बो आवृत्तीची कमाल शक्ती १,१५६ अश्वशक्ती असून बॅटरी ११३ किलोवॅट-तासांची आहे. जमिनीवर ठेवलेल्या पट्टावर गाडी उभी केली की तारेविना चार्जिंग होण्याची सोयही तीत घेता येते. पेट्रोल व हायब्रीड कायेन तिच्या बरोबरीने विकली जाणार आहे.

९११ विषयी कंपनीची भूमिका तुलनेने स्थिर राहिली आहे. ती विजेवर गेलीच तर सर्वांत शेवटी जाईल. मे २०२४ मध्ये तिला हायब्रीड प्रणाली मिळाली, पण बॅटरी अवघ्या १.९ किलोवॅट-तासांची आहे आणि सहा सिलिंडरचे इंजिन मागील आसाच्या मागे, आपल्या जुन्याच जागी आहे.