व्हाइन की विंज? रडगाण्याचे दोन इंग्रजी शब्द

आजचे दोन शब्द माझ्या एका चुकीमुळे आलेत.

पहिला व्हाइन. स्पेलिंग डब्ल्यू-एच-आय-एन-ई. उच्चार बहुतेक ठिकाणी प्यायच्या वाइनसारखाच, म्हणून ऐकताना गोंधळ होतो. दुसरा विंज : डब्ल्यू-एच-आय-एन-जी-ई. यातला ज 'जीव'मधला.

व्हाइनमध्ये आवाज महत्त्वाचा. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद हवेतून सणसणत जाणाऱ्या बाणासाठी होतं. आजही दाराशी केविलवाणं कुंईकुंई करणारा कुत्रा व्हाइन करतो, कानाशी डास करतो, इंजिनसुद्धा करतं. आणि "आई, अजून किती वेळाऽऽ?" म्हणणारं पोर तर करतंच. आपली पिरपिर.

विंजला आवाज लागत नाही. भारदस्त आवाजात करा, नाहीतर व्हॉट्सॲपवर टाइप करा. तीच तीच कुरकुर चालू असली की झालं. फक्त हे माणसाचंच काम. आपली चप्पल कुरकुरते, पण विंज करत नाही! हा शब्द ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडचा. अमेरिकन माणूस दोन्हीकडे व्हाइनच वापरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर 10 पौंडांच्या तिकिटावर कितीतरी ब्रिटिश ऑस्ट्रेलियात राहायला गेले. सारखी कुरकुर करणाऱ्या इंग्रजाला तिथे 'विंजिंग पॉम' म्हणून चिडवतात.

ब्रिटिश माणूस स्वतःबद्दल "सॉरी, जरा विंज केलं" असं हसत म्हणतो. दुसऱ्याबद्दल म्हटलं की मात्र दोन्ही शब्द टोचतात. कारण त्यात 'तक्रारीत दम नाही' हा निकाल आधीच देऊन टाकलेला असतो.

मी नेमकं तेच केलं. नाइट शिफ्टची कॅब रोज उशिरा यायची, टीममधली मैत्रीण रात्री एकटी गेटवर थांबायची. मी घाईघाईत लंडनच्या मॅनेजरला लिहिलं, "शी इज व्हाइनिंग अबाउट द कॅब." मला वाटलं, तक्रार करतेय याचंच हे जरा स्टायलिश इंग्रजी. त्यांचं उत्तर आलं, "शी'ल गेट यूज्ड टू इट." होईल सवय! मेलमध्ये तीही होती. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग दुसरा मेल टाकला. माझी शब्दाची चूक झाली हे कबूल केलं आणि लिहिलं, "शी हॅज रेज्ड अ कम्प्लेंट." संध्याकाळी मॅनेजरने कॅबच्या वेळा मागवल्या.

मैत्रीण एवढंच म्हणाली, "हे पहिल्यांदाच लिहायचं होतंस ना."

तुमच्या घरी पिरपिर म्हणतात की किरकिर? कळवा. भेटू पुढच्या भागात.